दिलरस बानू: मकबरा आहे, पण मृत्यूचं कारण?

खुलताबादला औरंगजेब आणि त्याचा मुलगा आझम शाह यांच्या कबरी आहेत. आझमची आई मात्र तिथे नाही. ती आहे छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात. तिचं नाव दिलरस बानू बेगम. मकबऱ्यासमोर सेल्फी सगळेच काढतात, पण ती कशाने गेली हे किती जणांना माहीत असतं?

दिलरस इराणच्या सफवी राजघराण्याच्या वंशातली. वडील शाहनवाज खान मुघल सरदार. १६३७ मध्ये तिचं औरंगजेबाशी लग्न झालं. पुढच्याच वर्षी दौलताबादला झेबुन्निसा जन्मली, ती पुढे कवयित्री म्हणून गाजली. मग झीनतुन्निसा, झुब्दतुन्निसा आणि आझम.

११ सप्टेंबर १६५७ ला पाचवं मूल झालं, अकबर. पुढे बापाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला तो हाच. ८ ऑक्टोबरला दिलरस गेली. बाळ होतं २७ दिवसांचं. त्याआधी १६३१ मध्ये तिची सासू मुमताज महलही बाळंतपणातच गेली होती.

दिलरस बाळंतपणानंतरच्या आजाराने गेली असं मानतात. पण नेमकं काय झालं, काय केलं असतं तर ती वाचली असती, हे कोणी तपासलं नाही. मकबरा बांधला गेला, कारण हरवलं.

आज काय वेगळं आहे? गरोदरपणात, बाळंतपणात किंवा गरोदरपण संपल्यावर ४२ दिवसांच्या आत त्याच्याशी संबंधित कारणाने बाई दगावली, तर तो 'माता मृत्यू' धरतात. अपघात यात येत नाही. म्हणजे आपल्या सव्वा महिन्याहून थोडा जास्त काळ. दिलरसचे २७ दिवस यात बसतात.

गावात १५ ते ४९ वयाची बाई दगावली की आशाताईने २४ तासांत कळवायचं असतं. ती गरोदर किंवा बाळंतीण होती असं कळलं, तर आरोग्य कर्मचारी घरच्यांना भेटून सगळा घटनाक्रम विचारतात. याला 'व्हर्बल ऑटोप्सी' म्हणतात. मृत्यू दवाखान्यात झाला तर तिथली समिती तपासते. मग जिल्ह्यात आढावा होतो: उशीर घरी झाला, रस्त्यात की दवाखान्यात? हेतू शिक्षा देण्याचा नसतो, पुढची बाई वाचवण्याचा असतो. २०२१ पासून हा डेटा 'एमपीसीडीएसआर' या ऑनलाइन सिस्टिममध्ये भरतात.

एकूण प्रमाण मात्र वेगळ्या नमुना नोंदणीतून काढतात. २०१८-२० मध्ये दर १ लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३.

म्हणून घरात बाळंतीण असेल तर ४२ दिवस लक्षात ठेवा. ताप चढला, खूप रक्त जायला लागलं, तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. आणि दुर्दैवाने कोणी गेलंच, तर आशाताईला सगळं खरं सांगा. कारण कळलं तरच उपाय होतो.