जखमी कामगाराचा पहिला कैवारी

रविवारची सुटी मिळवून देणारे नेते म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र कामावर जायबंदी होणाऱ्या मजुराची जबाबदारी मालकाने उचलावी, ही त्यांची मागणी काहीशी विस्मरणात गेली आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. रेल्वे आणि टपाल खात्यात काही काळ काढल्यावर ते मुंबईत मांडवीच्या कापडगिरणीत भांडारपाल झाले. तेथे कामगारांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्रे चालत आणि ना विश्रांती, ना सुटी. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा वारसा घेतलेल्या लोखंडे यांनी १८८० पासून 'दीनबंधु' पत्राची धुरा वाहिली व त्यातून या श्रमिकांची दुःखे वेशीवर टांगली.

१८८१ च्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालणे मालकांना बंधनकारक केले. पण यंत्रात हात गमावलेल्या माणसाने पुढे खायचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरविल्या. तेथे संमत झालेल्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. साप्ताहिक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर वेतन यांच्या जोडीला त्यात आणखी एक कलम होते. कामावर गंभीर दुखापत झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. अपघात हे नशिबाचे भोग नसून उद्योगाचे देणे आहे, हा विचार त्या काळी धाडसाचाच होता.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. जखमींच्या मागणीला मात्र यश आले नाही. १८९१ च्या सुधारित कायद्यातही भरपाईची तरतूद झाली नाही.

९ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना, लोखंडे यांचे निधन झाले. कामगार नुकसानभरपाईचा कायदा संमत झाला तो १९२३ साली. निवेदनावर सह्या झाल्या त्याला तोवर ३९ वर्षे लोटली होती. मधल्या काळात जे हात गेले, त्यांची भरपाई कोणीच केली नाही.