डीझेल यंत्राचा जनक : रुडॉल्फ डीझेल

सोलापूरहून हैदराबादला जाणारा हमरस्ता आपल्या बीदर जिल्ह्यातील हुमनाबादवरून जातो. त्यावरून अहोरात्र धावणाऱ्या मालट्रकांच्या यंत्राला आपण डीझेल इंजिन म्हणतो; परंतु डीझेल हे एका मनुष्याचे आडनाव होय, हे आपल्यापैकी कित्येकांस ठाऊक नसते. त्या थोर यंत्रज्ञाच्या चरित्राकडे आपण वळू या.

रुडॉल्फ डीझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरी एका जर्मन कारागिराच्या घरी झाला. १८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले आणि या कुटुंबास पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे नातलगांकडे धाडण्यात आले. पुढे म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापक लिंडे यांच्या हाताखाली शिकताना त्यास कळले की, वाफेचे यंत्र कोळशाच्या उष्णतेपैकी शेकडा जेमतेम दहा भाग कामी लावते. ही उधळपट्टी थांबविण्याचा त्याने ध्यास घेतला.

सायकलीत हवा भरताना पंप तापतो, हे आपण अनुभवतोच. हवा इतकी दाबावी की तीत सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटावे, ही डीझेलची कल्पना. १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिला प्रयोग झाला. सिलिंडरातील दाब मोजण्यासाठी त्यावर एक दर्शक बसविला होता. इंधन आत जाताच दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे ८० पट झाला आणि दर्शकाच्या ठिकऱ्या उडाल्या. यंत्र चालले नाही. परंतु इंधन आपोआप पेटते, हे सिद्ध झाले. डीझेलने यंत्राची फेररचना केली. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते सुमारे एक मिनिट स्वतःच्या बळावर चालले. यंत्राला फिरविणारा पट्टा आता यंत्रच ओढीत आहे, हे प्रथम एका कामगाराच्या ध्यानी आले आणि त्याने मुकाट्याने टोपी काढून डीझेलला वंदन केले! १८९७ च्या अधिकृत चाचणीत या यंत्राने उष्णतेचा शेकडा २६ भाग कामी लावला.

पुढे कीर्ती मिळाली, पण प्रकृती ढासळली व कर्ज वाढले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडकडे जाणाऱ्या बोटीवरून तो नाहीसा झाला; काही दिवसांनी समुद्रात त्याचे प्रेत आढळले. ट्रकांत हे यंत्र रूढ झालेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

आज त्या एका दर्शकाची जागा अनेक सेन्सरांनी घेतली आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांनुसार बनलेल्या ट्रकांत ते तेलाचा दाब, उष्णता व धुरातील विषारी वायू मोजतात आणि बिघाड होताच चालकापुढे दिवा लावतात. तथापि दिवा केवळ लक्षण सांगतो. दोष यंत्रात आहे, सेन्सरात आहे की त्याच्या तुटलेल्या तारेत, हे कुशल मिस्त्रीनेच तपासून ठरवावयाचे असते. मोजावे, विचार करावा आणि पुन्हा मोजावे, हा डीझेलचा धडा आपण विद्यार्थ्यांनीही गिरवावा.