भाडं वसूल करणारा चित्रकार

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी आपण सगळ्यांनी डोंगर, नदी आणि मधोमध उगवणारा सूर्य रंगवला. वर्गाच्या खिडकीतून गिरणीची चिमणी दिसायची, ती मात्र कुणाच्याच कागदावर उतरली नाही. इंग्लंडमधल्या एका माणसाने तीच चिमणी अर्धं आयुष्य काढली. आपल्या गिरणगावाशी त्याच्या मुलखाचं नातंही जुनं आहे. १८५६ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली, तेव्हापासून आपल्या गिरण्यांची बरीचशी यंत्रं त्याच लँकेशायरहून बोटीने येत होती.

लॉरेन्स स्टीफन लाउरी १ नोव्हेंबर १८८७ रोजी मँचेस्टरजवळच्या स्ट्रेटफर्डला जन्मला. वडील कारकून. आई पियानो छान वाजवायची आणि तिला प्रतिष्ठेची फार ओढ. १९०९ मध्ये पैशांची चणचण झाली आणि झाडांनी भरलेली वस्ती सोडून कुटुंबाला सॉल्फर्डलगतच्या पेंडलबरीत, धुरात, राहायला यावं लागलं. लाउरीला तिथलं काहीच आवडेना. मग एके दिवशी त्याची गाडी चुकली. स्टेशनाच्या पायऱ्यांवरून समोर ॲक्मी गिरणी सुटताना दिसली, दिवे लागलेल्या खिडक्या आणि फाटकातून लोटणारी माणसं. रोज बघितलेलंच होतं ते, पण त्या दिवशी दिसलं.

पोटासाठी तो एका मालमत्ता कंपनीत भाडं वसूल करायचा. १९१० ते १९५२, पासष्टाव्या वर्षी पेन्शनीत निघेपर्यंत. गरिबांच्या गल्ल्यांतून दारोदार फिरायचं आणि खिशातल्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने माणसं टिपायची. संध्याकाळी चित्रशाळेत शिक्षण. तिथे ॲडॉल्फ व्हॅलेट हे फ्रेंच गुरू भेटले. ही नोकरी त्याने नावारूपाला आल्यावरही लपवली. फावल्या वेळचा चित्रकार म्हणून कुणी हिणवू नये, एवढीच धास्ती. मला तर वाटतं, ती वसुली नसती तर ही चित्रंही नसती.

रंग फक्त पाच : पांढरा, काळा, शेंदरी, प्रशियन निळा आणि पिवळट गेरू. सुरुवातीची चित्रं काळपट होती. एका समीक्षकाने तसं सांगितल्यावर त्याने पांढरी पार्श्वभूमी धरली. तो पांढरा रंग पुढे कसा पिवळसर-करडा होतो ते बघायला एक फळी रंगवून त्याने काही वर्षं तशीच ठेवली होती!

१९३२ मध्ये वडील गेले, मागे कर्ज ठेवून. आईने अंथरूण धरलं. सात वर्षं त्याने तिची सेवा केली. रात्री ती झोपली की दोन वाजेपर्यंत चित्रं. त्या चित्रांचं तिला कधी कौतुक वाटलं नाही. १९३९ मध्ये लंडनला त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं आणि त्याच वर्षी आई वारली. पुढे कीर्ती आली, पैसा आला, पण ती बघायला हवी होती, हे दुःख त्याचं सुटलं नाही. सरकारी किताब त्याने पाच वेळा नाकारले, त्यात १९६८ चा 'सर'ही होता. लग्न केलं नाही. २३ फेब्रुवारी १९७६ ला तो गेला.

तोवर गिरण्या बंद पडत चालल्या होत्या. १९८२ मध्ये, आपल्याकडे संप सुरू झाला त्याच वर्षी, सॉल्फर्डची गोदी बंद झाली. पण तिथल्या नगरपालिकेच्या संग्रहालयाने १९३६ पासूनच लाउरीची चित्रं जमवायला घेतली होती. त्या ओसाड गोदीवर २००० मध्ये दोन नाट्यगृहं आणि कलादालनं असलेली वास्तू उभी राहिली, तिला नाव दिलं 'द लाउरी'. त्याची सुमारे चारशे चित्रं-रेखाटनं तिथे आहेत. पुढे शेजारी बीबीसीही आली. सगळंच गोड झालं असं नाही. आजूबाजूच्या नव्या टॉवरांत त्या चित्रांतल्या माणसांच्या नातवंडांना घर परवडेल का, हा प्रश्न लालबाग-परळला जसा पडतो तसा तिथेही पडतो.

फुटबॉलच्या सामन्याला निघालेली गर्दी त्याने १९५३ मध्ये रंगवली होती. ते चित्र २०२२ मध्ये लिलावात निघालं, तेव्हा श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाऊ नये म्हणून धडपड झाली. देणगीच्या बळावर 'द लाउरी'ने ते ७८ लाख पौंडांना घेतलं. आता ते विनातिकीट बघता येतं.