मृगातला धूसर ठिपका आणि पुण्याची दुर्बीण

हिवाळ्याच्या रात्री विष्णुपुरीच्या धरणाकाठी, दिव्यांपासून दूर उभे राहिले की मृग नक्षत्र ठळक दिसते. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका असतो. फ्रेंच खगोलनिरीक्षक शार्ल मेसिए यांच्या यादीत त्याचा क्रमांक ४२ आहे. कृत्तिकांचा तारकागुच्छ आणि देवयानी दीर्घिका याच यादीत आहेत. छोट्या दुर्बिणीतून यातल्या अनेक वस्तू सारख्याच, कापसाच्या बोळ्यासारख्या दिसतात. मग ताऱ्यांचा पुंजका कोणता आणि वायूचा ढग कोणता? त्याचे उत्तर प्रकाशाच्या वर्णपटात असते. ते वाचणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक होते कावसजी दादाभाई नायगमवाला.

१८५७ साली जन्मलेले नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये ५,००० रुपये दिले; मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. उपकरणे आणायला ते १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तिथे नॉर्मन लॉकयर आदी शास्त्रज्ञांनी त्यांना प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारण्याचा सल्ला दिला. १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, ती सुरू झाली. तिची डब्लिनच्या ग्रब कंपनीने बनवलेली २० इंची दुर्बीण पुढे अनेक दशके देशातली सर्वांत मोठी होती.

मृगातला ठिपका वायूचा आहे, हे तोवर कळले होते. पण त्याच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा कशाची, यावर वाद होता. लॉकयर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड होती. तसे असते, तर रेषा एका बाजूला पुसट होत गेली असती. नायगमवाला यांना ती दर वेळी दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली. लॉकयर म्हणजे ‘नेचर’चे संस्थापक-संपादक, शिवाय वेधशाळेचा सल्ला देणारे. तरीही जे दिसले तेच नायगमवाला यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केले.

त्यांचे निरीक्षण खरे ठरले. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे अमेरिकेच्या आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून निरीक्षणे घेतली. लॉकयर तेव्हा विजयदुर्गावर होते. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

मृगातला तो ठिपका पाहायला मोठी दुर्बीण लागत नाही. मोबाइल खिशात ठेवून वीस-पंचवीस मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यावेत. मग ठिपक्याच्या किंचित बाजूला नजर ठेवावी. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी बुबुळामागच्या पडद्याच्या मध्यबिंदूवर नसतात, त्याच्या भोवती असतात. म्हणून तिरप्या नजरेला ठिपका अधिक उजळ दिसतो.