डॉ. सुब्बाराव : मोजून औषध देणारा माणूस

शास्त्रज्ञ म्हटलं की आपल्या तोंडी रामन, भाभा, कलाम ही नावं येतात. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव त्याच रांगेतले, असं मला मनापासून वाटतं.

जन्म १२ जानेवारी १८९५, आंध्रातल्या भीमावरमचा. घरी गरिबी, त्यात भाऊ स्प्रू या पचनाच्या रोगाने गेले. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात हा पठ्ठ्या खादी घालून वावरला. प्राध्यापकांची मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी एलएमएसवर भागवावं लागलं. पुढे बोस्टन गाठलं. पोटासाठी हॉस्पिटलात पडेल ते काम केलं. १९२५ साली फिस्के यांच्याबरोबर त्यांनी फॉस्फरस रंगावरून मोजायची पद्धत काढली. तरी हार्वर्डने कायमची नोकरी दिली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले.

तिथे त्यांच्या टीमने फॉलिक अ‍ॅसिड बनवलं. ते स्प्रूवरही लागू पडलं! मग तयार झाली त्याची डुप्लिकेट किल्ली : अ‍ॅमिनोप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट. ही किल्ली कुलपात अडकते आणि पेशींची वाढ थांबते. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या १६ मुलांना अ‍ॅमिनोप्टेरिन दिलं. १० जणांना उतार पडला, तात्पुरता का होईना. हे १९४८ च्या जूनमध्ये छापून आलं आणि ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. वय अवघं ५३.

मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. पण तोच डोस एका मुलाला पचतो, तर दुसऱ्याचं तोंड सोलून निघतं. असं का? एक कारण जीन्स. एसएलसीओ१बी१ हा जीन यकृतात औषध आत घेणारं दार बनवतो. दार नीट उघडलं नाही की औषध रक्तात रेंगाळतं. म्हणून मोठ्या डोसनंतर रक्तातली पातळी मोजतात. सोबतच्या मर्कॅप्टोप्युरिनचं तेच. एनयूडीटी१५ जीनमधला एक फरक आशियाई मुलांत जास्त दिसतो. अशा मुलाला नेहमीचा डोस दिला तर पांढऱ्या पेशी धोकादायक घसरतात. आधी तपासलं, तर डोस कमी करून तेच औषध चालतं.

आपण वर्कशॉपमध्ये मोजल्याशिवाय जॉब मशीनवर चढवत नाही. इथे तर लेकराचा जीव आहे. आयुष्यभर मोजत राहिलेल्या सुब्बारावांना ही तपासणी नक्की पटली असती, असं मला वाटतं.