चाळिशीत हातात काहीच नव्हतं, तेव्हा दादासाहेब फाळकेंनी कुंडीतल्या वाटाण्यावर सिनेमाचं भांडवल उभं केलं

भारतीय सिनेमाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या नावाचा पुरस्कारही दरवर्षी बातम्यांत येतो. पण सिनेमात येण्याआधी या माणसाने किती धंदे केले आणि किती सोडले, हे फारसं सांगितलं जात नाही.

30 एप्रिल 1870 ला त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी आणि छपाईचं तंत्र शिकले. गोध्र्यात फोटो स्टुडिओ टाकला, तर प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल गेलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ सुरू केला. तिथे वेगळीच अडचण आली. कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की माणूस मरतो, अशी अफवा पसरली होती. फाळकेंनी थेट दरबारापर्यंत जाऊन समजूत घातली, पण गिऱ्हाईक काही फिरकलं नाही. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि स्वदेशीच्या काळात तीही सोडली. लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला. तो पुढे भागीदारीत मुंबईला आला आणि रंगीत छपाईत नाव झालं. यंत्रं बघायला 1909 मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले. आणि मग भागीदारांशी बिनसलं. फाळके बाहेर पडले. दुसऱ्या छापखान्यांकडून विचारणा झाली, तीही त्यांनी नाकारली.

म्हणजे 1911 मध्ये परिस्थिती अशी, वय चाळिशीचं, घरात दुसरी पत्नी सरस्वतीबाई आणि मुलं, उत्पन्न शून्य. त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला. आपले राम-कृष्ण पडद्यावर का दिसू नयेत, हा विचार तिथून त्यांच्या डोक्यात बसला.

पुढचे महिने त्यांनी फक्त सिनेमे पाहण्यात घालवले. जागरणं इतकी झाली की डोळे गेले. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, पण नातेवाईक आणि मित्रांना या माणसाचं काय चाललंय ते कळेना. यात त्यांची काही चूक नव्हती. ज्याचा मागचा धंदा भांडणात बुडालाय आणि पुढचा देशात कुणी केलेलाच नाही, त्याला पैसे कोण देणार?

शेवटी फाळकेंनी विमा पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी 1912 मध्ये लंडन गाठलं. तिथे ओळखीचं कुणीच नव्हतं. ‘बायोस्कोप’ नावाचं सिनेमाचं साप्ताहिक मात्र ते मुंबईत मागवून वाचायचे. त्याच्या कचेरीची पाटी दिसली तसे ते सरळ संपादक केबर्न यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. केबर्न यांनी आधी त्यांना परावृत्त करून पाहिलं. इंग्लंडमध्येही निर्माते बुडत होते आणि भारताची हवा फिल्मला मानवणार नाही असं त्यांना वाटत होतं. पण समोरचा माणूस हौशी नाही, फोटोग्राफी आणि रसायनं कोळून प्यायलेला आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी फाळकेंना निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवलं. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ उघडून दाखवला. मागचे सगळे सोडलेले धंदे इथे कामाला आले, हे विसरून चालणार नाही.

कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र वगैरे घेऊन फाळके 1 एप्रिल 1912 ला परतले. जवळचे पैसे संपलेच होते. आणि आता सिनेमासाठी खरं भांडवल लागणार होतं.

बडोद्यात बोलून काही साधलं नव्हतं. या वेळी फाळके बोलत बसले नाहीत. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभराहून जास्त काळ काढला. तयार झाली जेमतेम मिनिटभराची फिल्म, ‘अंकुराची वाढ’. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढते, तेही बघता बघता. फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांनी ती पाहिली आणि कर्ज द्यायची तयारी दाखवली. आजच्या भाषेत हा स्टार्टअपचा डेमोच. कर्जासाठी तारण होतंच, आणि सरस्वतीबाईंचे दागिनेही या उद्योगात गेले. सरस्वतीबाईंचं काम तेवढ्यावर थांबलं नाही. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं आणि अख्ख्या युनिटचा स्वयंपाक हे सगळं त्यांनी केलं.

पैशांची सोय झाली, माणसांची व्हायची होती. सिनेमात काम करायला एकही बाई तयार होईना. शेवटी एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. नटांना स्वतःच्या घरी काय सांगायचं हाही प्रश्न होता. फाळकेंनी उपाय काढला, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो असं सांगायचं. 2009 च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या मराठी सिनेमाचं नाव तिथून आलं. वांगणीला तलवारी-भाले घेऊन युनिट पोचलं, तर गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले. प्रकरण पोलिसांत गेलं. फाळके मागून पोचले. त्यांनी फिल्म न घातलेल्या कॅमेऱ्यासमोर एक प्रसंग करून दाखवला, तेव्हा सुटका झाली.

3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि चालला. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई अशा दोन स्त्रिया पडद्यावर आल्या.

अनोळखी माणसाला पटवणं फाळकेंना जमलं. भागीदारांशी जमवून घेणं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. 1 जानेवारी 1918 ला पाच भागीदारांसह नाशिकला हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. खर्च आणि कामाची पद्धत यावरून वाद झाले आणि छापखान्यासारखंच इथेही फाळके बाहेर पडले. काशीला जाऊन त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. 1922 मध्ये ते परत आले, ते आपणच उभ्या केलेल्या कंपनीत पगारी माणूस म्हणून.

मग बोलपट आला आणि त्यांचं तंत्र मागे पडलं. 1937 चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा सिनेमा. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्ये ते वारले.