शाळेची चिठ्ठी आणि रघुनाथराव

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या चिरंजीवांची सॅट्स परीक्षा संपली होती. आता उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मजाच मजा, अशा थाटात स्वारी घरी आली आणि दप्तरातून एक चुरगळलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. चिठ्ठी शाळेची होती. विषय होता इयर सिक्सचे पी.एस.एच.ई.चे तास.

ज्यांची मुलं आता मोठी झाली आहेत किंवा अजून शाळेत जायची आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. पी.एस.एच.ई. म्हणजे व्यक्तिगत, सामाजिक आणि आरोग्यविषयक शिक्षण. मैत्री कशी टिकवायची, कोणी दादागिरी केली तर कोणाला सांगायचं, राग आला तर काय करायचं, झोप किती हवी, इंटरनेटवर अनोळखी माणसाशी का बोलू नये, असं बरंच काही त्यात येतं. अगदी लहान वर्गात मुलांना शिकवतात की चड्डीच्या आतलं शरीर आपलं स्वतःचं आहे. तिथे कोणी हात लावला तर गप्प बसायचं नाही, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडमधल्या सगळ्या प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं झालं आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत आरोग्याचंही. वयात येताना शरीरात होणारे बदल आरोग्यातच येतात. फक्त बाळ नेमकं कसं होतं, हा लैंगिक शिक्षणाचा भाग प्राथमिक शाळेत सक्तीचा नाही. त्या तासाला आपलं मूल बसवायचं नसेल तर आईवडील तसं कळवू शकतात.

चिठ्ठीच्या तळाशी त्यासाठीच एक चौकोन होता. मी पेन घेतलं आणि टिक करून टाकली. अकरा वर्षांचं पोर, अजून रात्री टेडी घेऊन झोपतं, त्याला कशाला हे सगळं आत्तापासून!

माझी आई तेव्हा पुण्याहून आली होती. स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. कसली चिठ्ठी म्हणून तिने विचारलं. मी मराठीत वाचून दाखवायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळले. इंग्रजीत सहज डोळ्यांखालून गेलेले शब्द मराठीत तोंडातून बाहेर पडेनात. एक तर ते शिवीसारखे वाटत होते, नाहीतर डॉक्टरांच्या जाड पुस्तकातले.

आईने मेथीवरची नजर न हलवता सांगितलं की तुझे आजोबा 'समाजस्वास्थ्य' घ्यायचे. पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांच्या खाली अंक ठेवलेले असायचे. मासिक तोपर्यंत बंदही पडलं होतं, पण अंक होते. कॉलेजात असताना तिने ते गच्चीवर चोरून वाचले होते. मी थक्क झाले! माझ्या आईने? मग मला का नाही काही सांगितलंस, असं मी विचारलं. सातवीत असताना मला पाळी आली तेव्हा मला काहीतरी भयंकर आजार झालाय असं वाटून मी दिवसभर शाळेच्या संडासात रडले होते. आईला ते आठवत होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की तेव्हा लाज वाटली.

त्या रात्री मी र. धों. कर्व्यांबद्दल वाचायला बसले. नाव आपल्या सगळ्यांना माहीत असतं. अमोल पालेकरांचा २००१ सालचा 'ध्यासपर्व' हा सिनेमा काहींनी पाहिला असेल. त्यात किशोर कदम रघुनाथराव झाले होते. पण महर्षी कर्व्यांचा मुलगा आणि संततिनियमन, यापलीकडे मला तरी काही ठाऊक नव्हतं.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरुडचा. वडील धोंडो केशव कर्वे म्हणजे आपले अण्णासाहेब, आई राधाबाई. १८९१ साली राधाबाई बाळंतपणात गेल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. हे वाचलं आणि मी थांबलेच. माझ्या मुलापेक्षाही लहान! आई कशाने गेली हे त्या मुलाला कोणी नीट समजावून सांगितलं असेल का? त्या काळात घरोघरी बाया बाळंतपणात जायच्या आणि नशिबाला बोल लावून सगळे कामाला लागायचे.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये अण्णांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. म्हणजे समाजाच्या विरुद्ध गेलं की काय होतं, हे रघुनाथाने अकराव्या वर्षीच घरात पाहिलं. मुलगा विलक्षण हुशार. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला. फर्ग्युसनमधून बी.ए. झाला. पुढे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी पॅरिसला जाऊन आला आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक होता. नीट चाकोरीतून गेले असते तर रँग्लर परांजप्यांच्या पंगतीला बसले असते, पेन्शन घेऊन सुखात राहिले असते.

पण या गणिताच्या माणसाला एक साधा हिशेब स्वस्थ बसू देईना. बायकांची बाळंतपणं थांबत नाहीत, गुप्तरोग घरात येतात, आणि हे सगळं टाळता येतं हे लोकांना माहीतच नाही. कारण त्याबद्दल बोलायचंच नाही! १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. आपल्या इथल्या मंडळींना गंमत वाटेल, पण त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनच्या हॉलोवे भागात त्यांचं केंद्र उघडलं. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. फरक एवढाच की रघुनाथराव जवळजवळ एकटे होते.

कॉलेज मिशनऱ्यांचं. प्राध्यापकाने उघडपणे असल्या विषयावर लिहावं-बोलावं हे त्यांना मानवलं नाही आणि १९२५ मध्ये रघुनाथरावांची नोकरी गेली. पत्नी मालतीबाई मात्र ठाम राहिल्या. दोघांनी विचार करून मूल होऊ दिलं नव्हतं. त्या काळात मूल नसलेल्या बाईला काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याची कल्पना आपल्याला आजही करता येते.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं. लेखक तेच, संपादक तेच. 'शारदेची पत्रे' या नावाने बाईच्या भूमिकेतून लिहिणारेही तेच. मासिक म्हणजे नुसता वासनेचा विषय असा लोकांचा समज होता, पण त्यांनी आहारशास्त्रावरही पुस्तक लिहिलं आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही. शरीराबद्दलची माहिती म्हणजे आरोग्याची माहिती, तीत पोट आणि दात चालतात आणि बाकीचे अवयव चालत नाहीत असं का, हा त्यांचा रोकडा प्रश्न होता.

मासिकातला मला सगळ्यात भावलेला भाग म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. ज्या शंका नवरा बायकोला विचारू शकत नव्हता आणि बायको आईला विचारू शकत नव्हती, त्या लोक रघुनाथरावांना पत्राने विचारायचे. ते सरळ, कोरड्या मराठीत उत्तर द्यायचे. आडपडदा नाही, चावटपणाही नाही.

त्यासाठी ते कोर्टात गेले. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या एका लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला, या वेळी वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! बाबासाहेबांची बाजू अशी होती की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही, आणि लोक शंका विचारत असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळालंच पाहिजे. खटला हरले. २०० रुपये दंड झाला. रघुनाथरावांनी दंड भरला आणि पुढचा अंक काढला.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. मुखपृष्ठावर नग्न स्त्रियांची चित्रं छापायचा त्यांचा हट्ट मला आजही समजत नाही. विवाहसंस्थेबद्दलची त्यांची मतं तर आमच्या भिशीत मांडली तर भिशी मोडेल. माणूस तर्ककर्कश होता, तडजोड ठाऊक नव्हती. तरी तोट्यातलं मासिक त्यांनी सव्वीस वर्षं चालवलं. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले आणि नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. ज्या गोष्टीसाठी त्यांची नोकरी गेली तीच सरकारी योजना झाली. वडिलांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. मुलाच्या वाट्याला दंडाच्या पावत्या आल्या.

आणि तरीही आपण फार पुढे गेलो असं म्हणवत नाही. शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम २००७ साली ज्या राज्यांनी थांबवला त्यात महाराष्ट्रही होता. रघुनाथरावांच्या महाराष्ट्रात! आणि इथे लंडनजवळ बसून पेन उचलून टिक करणारी मी तरी कोणती वेगळी?

असो. दुसऱ्या दिवशी मी शाळेकडून नवी चिठ्ठी मागून घेतली. त्या आठवड्यात पालकांसाठी सभा होती, तिथे तासाला दाखवायची चित्रं आम्हाला आधी दाखवली. आमच्या आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बाईंनी जे पान घरी वाचा म्हणून सोडून दिलं होतं, त्याच्याहून जास्त काही त्यात नव्हतं. मी चौकोन रिकामा ठेवून चिठ्ठी परत दिली.

पण ठरवलं की शाळेच्या आधी मी सांगायचं, आणि मराठीत सांगायचं. रविवारी दुपारी आम्ही दोघं बसलो. आई मुद्दाम शेजारी विणकाम घेऊन बसली. पाळी, गर्भाशय, स्त्रीबीज, शुक्रजंतू असे एकेक शब्द काढत गेले. पहिल्या पाच मिनिटांत माझे कान गरम झाले. चिरंजीव आधी फिदीफिदी हसले, मग गंभीर झाले आणि मग त्यांनी विचारलं की बाथरूमच्या कपाटातल्या त्या पॅडबद्दल मी मागे फरशी पुसायचं कापड असं का सांगितलं होतं? त्याला वर्गातल्या एका मुलीकडून खरं केव्हाच कळलं होतं. आई खोटं का बोलली एवढंच त्याला कळत नव्हतं.

काय उत्तर देणार? लाज वाटली, असं सांगितलं. आईने विणकामातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी हसलो.

आपण मुलांना इथे श्लोक शिकवतो, पाढे शिकवतो, मंडळाच्या रविवारच्या शाळेत बाराखडी गिरवून घेतो. करंजी, कंदील, किल्ला हे शब्द त्यांना येतात याचा अभिमान बाळगतो. त्यांच्या स्वतःच्या शरीराचे शब्द मात्र आपण इंग्रजीवर सोडून देतो. म्हणजे उद्या काही दुखलं, कोणी त्रास दिला, तर पुण्याच्या आजीला फोनवर सांगायला त्यांच्याकडे शब्दच नाहीत. रघुनाथरावांनी ते शब्द मराठीत छापून ठेवले, त्याला आता शंभर वर्षं होत आली.

जाण्याआधी आईने सांगितलं आहे की ती ट्रंक अजून पुण्याच्या माळ्यावर आहे. डिसेंबरमध्ये जाणार आहोत. अंक वाळवीतून वाचले असतील तर घेऊन येईन, आणि या वेळी पंचांगाखाली ठेवणार नाही.